तळ्याला वाढलेला गूळभात

मी माशांना गूळभात खाऊ घातला. तोही गरम, आणि दिवसातून मनाला येईल तितक्या वेळा. मासे मेले. सगळे नाही मेले, पण मेलेला मासा पांढरं पोट वर करून तरंगतो आणि जिवंत मासा खाली असतो. त्यामुळे काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला तळं असतं त्याहून जास्त मेलेलं दिसतं. काठावर तेव्हा मीच उभा होतो.

संपादकांनी माझ्याकडे मत्स्यखात्यातल्या नोकरीचे ‘संस्मरणीय प्रसंग’ मागितले आहेत. पुढे मोठ्या धरणांवर काम केलं, चार लोकांना शिकवलंही, पण स्मरणात पक्कं बसलंय ते हेच. त्यातून अलीकडे माझ्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी काय खायचं याच्याइतकंच कधी खायचं हेही ठरवून दिलंय. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. घड्याळाकडे बघत एकटाच पानावर बसतो आणि शेणव्याच्या तळ्यातल्या रोहूंची आठवण येते. त्यांना कुणी असं वेळापत्रक लावून दिलं असतं तर! दिलं होतं म्हणा. ते मोडणारा मी होतो.

मी घाटावरचा. आमच्या घरात मासा ताटात सोडाच, बोलण्यातही येत नसे. मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला त्या सुमाराला खात्यात माणसं घेत होते, मला शास्त्राची पदवी होती, आणि अर्जात ‘पोहता येतं का’ या प्रश्नापुढे मी ‘होय’ लिहिलं होतं. विहिरीत कमरेला भोपळा बांधून पोहणं हेही पोहणंच, अशी माझी समजूत. नेमणूक झाली शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढच्या एका तळ्यावर. लोक मला ‘मासळी मास्तर’ म्हणायचे. आईने घरी शेजारपाजाऱ्यांना मी ‘पाटबंधाऱ्यात’ असल्याचं सांगितलं होतं. लग्नाच्या बाजारातही माझं तेच झालं. मुलगा काय करतो, तर मासे पाळतो. कुठे, तर आटगाव स्टेशनात उतरून पुढे बैलगाडीने. इथवर आलं की मुलीकडचे चहाचा कप खाली ठेवायचे.

हा धंदा काय होता तो थोडक्यात सांगतो. रोहू, कटला आणि मृगळ हे मोठ्या नद्यांतले मासे. तळ्यात वाढतात झकास, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यामुळे त्यांची पिल्लं बाहेरून आणावी लागायची. तेव्हा ती थेट कलकत्त्याहून रेल्वेने यायची. पिल्लू जिऱ्याएवढं, म्हणून त्याला नावही जिरेच. पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून त्यात जिरे सोडायचं आणि वाटभर तो डबा हलवत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळत राहते. कल्याणला डबे ताब्यात घेऊन आटगावपर्यंत मी ते मांडीवर धरून झुलवत यायचो. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईने एकदा विचारलं, बाळ कुणाचं म्हणून. मी तिला झाकण उघडून दाखवलं. तिने डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या स्टेशनावर जागा बदलली.

जिरे बोटभर झालं की बोटुकली म्हणायची. ती तळ्यात सोडायची आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळं ओढायचं. मधल्या काळात वरचं खाणं द्यायचं. खात्याचा नियम साधा होता. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा सारखे घ्यायचे, भिजवून गोळे करायचे आणि बांबूला बांधलेल्या टोपलीतून पाण्यात सोडायचे. दिवसातून एकदाच, ऊन चांगलं वर आल्यावर, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. संध्याकाळी टोपली वर काढून बघायची. खाणं उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी घालायचं. यात न समजण्यासारखं काही नाही. म्हणूनच मला ते समजलंय असं मला वाटलं.

तळ्याच्या बांधावर माझी खोली होती. एक दार, एक खिडकी, एक स्टोव्ह, एक सायकल. गाव लांब. गावात घरंदाज शेतकरी होते, बोलायला चांगले होते, पण संध्याकाळी ते आपापल्या ओटीवर आणि मी माझ्या बांधावर. पावसाळ्यात निदान बेडूक तरी होते. भातकापणी झाली की सगळीकडे एक रिकामी शांतता पसरायची. तांबडी खाचरं, माहुली गडाचे सुळके, आणि मधे मी. कधीकधी दिवसभरात तोंडातून शब्द गेला नाही हे संध्याकाळी लक्षात यायचं, आणि मग आवाज शिल्लक आहे का ते पाहायला मी उगीच खाकरायचो.

बांधाच्या पलीकडे, गावाच्या कडेला, कातकऱ्यांचा पाडा होता. त्यातला सोमा आमचा राखणदार. माझ्याच वयाचा, काटक, माझ्यावर हसू आलं की तोंड फिरवून खोकणारा. त्याची बायको बुधी. ती तोंड फिरवत नसे.

पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. मुकादम यायचा, घरंच्या घरं उचलून न्यायचा, ती पावसाच्या तोंडावर परतायची. मागल्या साली बुधीचं मूल भट्टीवर झालं आणि तिथेच गेलं. यंदा ती पुन्हा पोटुशी होती. राखणदारीचं काम मिळालं म्हणून सोमाने मुकादमाला नाही म्हणून सांगितलं होतं. पाडा रिकामा झाला, दोन म्हातारी आणि हे दोघं उरले. ‘यंदा घरातच व्हईल,’ एवढंच बुधी म्हणाली होती. पण राखणदारी होती तळ्यात मासे असेपर्यंतच. पौषात ठाण्याहून साहेब येऊन जाळं टाकून बघणार, मासे चांगले वाढलेले दिसले तर तळं चालू, नाहीतर बंद. बंद झालं की सोमाला भट्टी, आणि भट्टीवर बुधीला तोच दिवस पुन्हा. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं, कारण माहीत असणं आणि ध्यानात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झालं असं, की कार्तिकात पेंड संपली आणि नवी आली नाही. शहापूरच्या गिरणीत तांदळाची कणी मिळायची. मी म्हटलं, कोंडा चालतो तर कणी का नाही? तांदूळ तो तांदूळ. कणी कच्ची टाकली तर तळाशी बसायची, म्हणून शिजवली. शिजवलेली मासे आवडीने खायला लागले. इथवर एक वेळ क्षम्य होतं.

पण मासे हुशार असतात. पावलांची धमक पाण्यात पोचते, आणि पावलांमागून खाणं येतं हे ते शिकतात. मी बांधावर आलो की पाणी हलायचं. आधी बारीक वळसे, मग तोंडं. गोल, उघडी, मिटणारी, पुन्हा उघडी. सगळ्यांत पुढे एक कटला असायचा. मोठं डोकं, पुढे आलेला खालचा ओठ, सदैव नापसंतीचा चेहरा. मी त्याला भाऊसाहेब म्हणायचो. त्या सगळ्या मुलखात मला बघून पुढे येणारा तो एकच जीव होता.

तेव्हा मी सकाळी चहा केला की त्यांना थोडं टाकू लागलो. दुपारी जेवायला बसलो की ताट घेऊन बांधावर बसायचो, एक घास मला, एक मूठ त्यांना. संध्याकाळ ही वाईट वेळ, तेव्हा तर हमखास. मी भाऊसाहेबांशी बोलायचोही. आईची तब्येत, मोडलेली स्थळं, साहेबांची टिप्पणी. ते तोंड उघडून ऐकत. टोपली उचलून बघायचं मी कधीच सोडून दिलं होतं. ज्याला आपण प्रेमाने वाढतो त्याचं उष्टं कुणी तपासतं का?

मग थंडी पडली. आई घाटावरून गुळाची ढेप पाठवायची. लहानपणी थंडीच्या दिवसांत ती मला गरम गूळभात द्यायची, पोटात ऊब राहते म्हणून. त्या दिवशी पाण्यात हात घातला तर बोटं बधिर झाली, आणि मला भरून आलं. एवढ्या गार पाण्यात रात्रंदिवस हे जीव. मी गूळभात केला. वाफ येत असतानाच नेऊन वाढला.

बुधी हंडा घेऊन चालली होती, ती उभी राहिली.

‘काय टाकताव साहेब?’

‘गूळभात. थंडी आहे ना.’

तिने तळ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. ‘बरी हायेत मासं,’ म्हणाली. ‘आमी नाचणीची आंबील खाताव. मासं भात खातात. गूळ घालून.’

मी हसलो. मला वाटलं, कौतुक करतेय.

पौष लागला आणि अवेळी आभाळ आलं. सलग काही दिवस ऊन नाही, वारा नाही, तळं हिरवंगार आणि ढिम्म. मासे वर येत होते पण पहिल्यासारखे खाण्यावर झडप घालत नव्हते. मला वाटलं, भूक मेलीय, गूळ थोडा वाढवावा. वाढवला.

एका सकाळी उजाडता उजाडता सोमाने दार वाजवलं. ‘साहेब, मासं वरती आलीत. सगळी.’ मी अर्धवट झोपेत म्हणालो, भुकेले असतील. तो म्हणाला, ‘भुकेची नाय. हवा पितात.’

बांधावर गेलो तर सबंध तळ्यावर तोंडं. नेहमीसारखी नव्हे, आकाशाकडे वळलेली, गपगप उघडणारी. पाण्यातली हवा संपली होती. आम्ही दोघं बांबू घेऊन उतरलो आणि पाणी बडवायला लागलो, म्हणजे वरची हवा पाण्यात मिसळावी. मी गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलो नाही, अर्जातलं ‘होय’ तेव्हा आठवलं. ऊन येईपर्यंत बडवलं. ज्यांचं व्हायचं ते तोवर झालं होतं. मोठे आधी गेले. भाऊसाहेब बांधालगतच होते, मी वाढायचो त्याच जागी. चेहऱ्यावर तीच नापसंती.

नियमाप्रमाणे मेलेले मासे पुरायला हवे होते. सोमाने विचारलं, ‘पुरायची का, साहेब? ताजी हायेत.’ मी मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे त्याचं त्याने ठरवलं. दुपारी पाड्यावर धूर निघाला. उरलेले वाळत घातले गेले. माझ्या चुकीवर त्या दोन-तीन खोपटांचे काही दिवस बरे गेले, एवढंच तिचं पुण्य.

मासे साफ करताना बुधीने एक चिरलेला रोहू मला दाखवायला आणला. नुसता पुढे धरला. पोटात भात होता, फुगलेला, न पचलेला. आणि माशाचं काळीज, म्हणजे यकृत, जे तांबडंलाल असायला हवं, ते पिवळट पांढरं, लोण्यासारखं. बोटाला तूप लागावं तसा हात चिकट झाला. ती म्हणाली, गावातल्या कुणीतरी मासे मारायचं पाल्याचं विष टाकलं असेल, माणसाला ते बाधत नाही. मला ते फार पटलं. चूक दुसऱ्याची असेल तर मला नेहमीच लवकर पटतं.

तेव्हा विषाची खात्री करून घ्यायला मी मुरबाडच्या डॉक्टरांकडे गेलो. हे म्हातारे डॉक्टर माझ्या ओळखीचे, तापाच्या गोळ्यांपुरते. सायकलच्या मागे दोन डबे बांधले. एकात आमच्या तळ्यातला जिवंत रोहू. दुसऱ्यातही रोहूच, पण तो अनाथ: बोटुकली सोडताना सोमाने थोडी उरलेली पिल्लं ओहोळाजवळच्या डबक्यात टाकली होती, तिथे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विष असेल तर आमच्याच माशात निघेल, असा माझा कावा. वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे डब्यातलं बदलत, डबे हलवत, मी दवाखान्यात पोचलो आणि रांगेत बसलो. शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, मला काही नाही, यांना. त्याने डब्यात पाहिलं आणि मला आपल्या पुढे जाऊ दिलं.

डॉक्टर म्हणाले, विष शोधायची सोय इथे नाही. मग सहज विचारलं, खायला काय घालता? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

‘गूळ?’

‘थोडा.’

‘कितीदा?’

मी छताकडे पाहिलं. ते उठले, कपाटातून निळ्या औषधाची बाटली काढली. तेव्हा लघवीतली साखर बघायला ते वापरत. नळीत निळं पाणी उकळायचं, साखर असेल तर हिरवं, पिवळं, विटकरी होत जातं. माशाची लघवी कशी घेणार, म्हणून त्यांनी दोन्ही माशांचं रक्त काढलं, कसलंसं आंबट पाणी घालून तापवून गाळलं, आणि दोन नळ्या दिव्यावर धरल्या. हे काही रीतसर नाही, कुठे बोलू नका, असंही बजावलं. डबक्यातल्या माशाची नळी निळीच राहिली. माझ्या लाडक्याची नळी आधी हिरवी झाली, मग शेवाळी पिवळी. तळ्याचा रंग.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते पुढे प्रशिक्षणात, पुस्तकांत आणि आता माझ्या स्वतःच्या डॉक्टरांकडून मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. माणूस जेवला की रक्तात साखर चढते आणि धडधाकट माणसाच्या अंगात ती दोनतीन तासांत जागच्या जागी लावली जाते. माशाचं तसं नाही. त्याचं शरीर पाण्याइतकंच गार, त्याला घाई नसते. गवत-शेवाळ खाणारा मासा पिठूळ अन्न थोडंफार पचवतो, पण गूळ आणि भाताने चढलेली साखर तास न् तास उतरत नाही. थंडीत तर दुसरा दिवस उजाडतो. तिला वापर नाही, म्हणून ती चरबी होऊन काळजात साठते. एकदाच, बेताचं, ठरल्या वेळी घातलं तर त्याचं अंग त्या वेळेची तयारी ठेवतं आणि मधल्या उपासात सगळं निस्तरतं.

‘पहिली पंगत उठायच्या आत तुम्ही दुसरी बसवलीत,’ डॉक्टर म्हणाले. ‘मासा उपाशी नव्हता. त्याला उपाशी राहायला वेळच दिला नाहीत.’

साखरेने मासे मेले असं मात्र कुणी समजू नये. मेले ते हवा संपल्याने. उरलेला भात तळाशी कुजला, त्याने हवा खाल्ली, आभाळामुळे ऊन नव्हतं, म्हणून पाण्यातल्या शेवाळानेही नवी तयार केली नाही. पण भरल्या पोटाच्या माशाला हवा जास्त लागते, आणि काळीज चरबीने जड झालेला तग धरत नाही. म्हणून माझे गेले. डबक्यातले अनाथ त्याच आभाळाखाली मजेत होते.

डॉक्टरांनी औषध सांगितलं: आठवडाभर काही घालू नका. येताना ओहोळाचं पाणी तळ्यात वळवायची युक्तीही मीच काढली, एवढं श्रेय मला द्या. ते दोन रोहू डॉक्टरांनी ठेवून घेतले. फी म्हणून.

न घालणं ही माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड कामगिरी. मी खोलीतून बाहेर पडलो की पाणी हलायचं, तोंडं वर यायची. कमी झालेली होती, पण येत होती. भाऊसाहेबांची जागा रिकामी ठेवून बाकीचे उभे राहिल्यासारखे वाटायचे. मी चपला काढून, टाचा उचलून, बांधाच्या बाहेरच्या अंगाने जायला लागलो, त्यांना कळू नये म्हणून. सावकाराला चुकवावं तसा मी माशांना चुकवत होतो. चहा खोलीत दार लावून प्यायचो. सोमाने एकदा मला असं चोरपावलांनी चालताना पाहिलं आणि तोंड फिरवून बराच वेळ खोकला.

तो खोकला शेवटचाच, कारण मुरबाडजवळच्या म्हसे गावची, म्हशाची जत्रा आली. भट्टीचे मुकादम जत्रेत शेवटची माणसं गोळा करतात. ज्यांनी दिवाळीला नाही म्हटलं आणि पौषात पस्तावले, त्यांना तिथून गाडीत घालून नेतात. ती गाडी चुकली की यंदाचं काम संपलं. आणि आमचे ठाण्याचे साहेब येणार होते जत्रा उलगल्यावर.

आम्ही दोघं जत्रेला गेलो. बैलांचा बाजार, घोंगड्या, धूळ. एवढ्या गर्दीत मला कुणी ओळखत नव्हतं आणि तेही मला बरं वाटत होतं. मुकादमाची गाडी बाजाराच्या टोकाला उभी होती, आत बाया, पोरं, कोंबड्या, मडकी. सोमा तिच्यापासून थोडा लांब थांबला.

‘साहेब, खरं सांगा. तळं राहील का?’

मला माहीत नव्हतं. खाली किती मासे उरलेत ते मला दिसत नव्हतं, साहेबांच्या मनात काय येईल ते तर त्याहून नाही. जा म्हटलं तर बुधी त्या गाडीत बसणार होती. राहा म्हटलं आणि तळं बंद झालं, तर घरही रिकामं आणि भट्टीही गेलेली.

‘राहा,’ मी म्हणालो.

‘नक्की?’

‘नक्की नाही. पण राहा.’

तो गाडी हलेपर्यंत बघत उभा राहिला. मग मला म्हणाला, ‘चला.’ परतीच्या वाटेवर तो पुढे, मी सायकल हातात धरून मागे. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. त्या वाटेइतका एकटा मी बांधावरही कधी नव्हतो.

साहेब आले. कोरडा माणूस, टोपी काढून हातात धरायची सवय. गावातून जाळं ओढायला माणसं बोलावली. जाळं एका काठाने पाण्यात गेलं आणि हळूहळू दुसऱ्या काठाशी आलं. बुधी बांधावर उभी होती, पोटाशी हात धरून. मी तिच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होतो. जाळ्याचा फेर लहान होत गेला आणि पाणी एकदम उकळल्यासारखं झालं. रोहू उड्या मारत होते. मधले, धाकटे, चपळ, हडकुळेसे. ज्यांना माझ्या पंगतीत मोठ्यांच्या गर्दीमुळे कधी पोटभर मिळालं नव्हतं, ते वाचले होते.

साहेबांनी एक मासा हातात घेतला, कल्ला उघडून पाहिला, सोडून दिला. मग विचारलं, ‘मोठे कुठे आहेत? खाणं कोण घालत होतं?’ आणि सोमाकडे पाहिलं. सोमा जमिनीकडे बघत राहिला.

मी सांगून टाकलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. मेलेल्या माशांच्या पोटात भात होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पौषात पाड्यावर कुणाच्याच घरी भात नसतो हेही. हे मात्र माझ्या तोवर डोक्यात आलं नव्हतं. बोलता बोलताच आलं. बुधीच्या हातातला हंडा, तिचं ते ‘बरी हायेत मासं’. वाक्य अर्ध्यावर सोडून मी थांबलो.

साहेबांना वाटलं, माझं संपलं.

‘गूळभात,’ ते म्हणाले. ‘तूप नाही घातलंत?’

‘नाही साहेब.’

‘तळं राहील. राखणदार राहील.’ टोपी डोक्यावर ठेवत ते म्हणाले, ‘तुम्ही राहणार नाही.’

बदलीचा हुकूम आला तोवर माघ लागला होता. सोमाला मी टोपलीचा नियम पुन्हा पुन्हा समजावला: एकदाच, ऊन आल्यावर, उरलं तर कमी. तो म्हणाला, साहेब, हे तुमी पहिल्या दिवशीच सांगितलेलं.

निघायच्या दिवशी पाड्यावर गेलो. सोमाच्या खोपटात झोळी टांगली होती. मुलगा झाला होता, घरातच. बुधी चुलीपाशी बसली होती, दमलेली पण खुशीत. मी झोळीत वाकून पाहिलं. मूठभर जीव, मिटलेले डोळे, आणि माझ्या पावलांचा आवाज ऐकून की काय, त्याने तोंड उघडलं. गोल. मिटलं. पुन्हा उघडलं.

मला राहवलं नाही. ढेपेचा उरलेला तुकडा मी त्यांच्यासाठीच फडक्यात बांधून आणला होता. आमच्याकडे तान्ह्याच्या ओठांना गोड लावतात, म्हणून त्यातला एक कण मी बोटावर घेतला, जिभेने ओला केला आणि हात पुढे नेला.

बुधीने तो मधेच धरला. रागाने नाही, उतू जाणारं भांडं धरावं तसा. गुळाचा तुकडा माझ्या दुसऱ्या हातातून काढून घेतला, फळीवर उंच ठेवला आणि झोळी स्वतःकडे ओढली.

‘लांबनं बघा, साहेब,’ ती म्हणाली. ‘तुमी माया केली का ते तरंगतंय.’